फॉर्मवर मी न लिहिलेली धूळ

अण्णा कामावरून आले की आधी घरात शिरायचे नाहीत. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. तिथं ते डोकं धुवायचे, मग हात, मग कान. शर्ट काढून झटकायचे तेव्हा पिठाच्या गिरणीत उडावी तशी धूळ उडायची. मग माय दारातच त्यांना लुंगी द्यायची.

आम्ही मुकुंदवाडीत एका पत्र्याच्या खोलीत राहायचो. माझे वडील बीड बायपास रस्त्याच्या पलीकडं एका खडी क्रशरवर मजूर होते. दगड यंत्राच्या तोंडात ढकलायचा, खाली खडी पडते आणि वर धूळ जाते. ते काम त्यांनी एकवीस वर्षं केलं. तोंडाला उपरणं बांधायचे. संध्याकाळी ते उपरणं बादलीत टाकलं की पाणी दुधासारखं व्हायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांच्या कपड्यांचं पाणी असं निघतं.

त्या धुळीवर मी बी.एस्सी. झाले. माझ्या मायकडच्या आणि अण्णांकडच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे, ते मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच. मला डिग्री हवी होती, धूळ नको होती.

लग्नाचा बायोडाटा मीच तयार केला. शहागंजातल्या एका टायपिंगच्या दुकानात बसून एकेक ओळ सांगितली. ‘वडिलांचा व्यवसाय’ आलं तेव्हा थोडी थांबले आणि म्हणाले, “खडी पुरवठादार लिहा.” खडी तर खरीच होती, बाकीच्यासाठी मी माझ्याच मनाची समजूत काढली. अण्णांना वाचता येत नाही. मायला येतं थोडं. तिनं अडखळत वाचून दाखवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. अण्णा म्हणाले, “चांगलं लिव्हलंय की. शिकल्याचा उपेग हाय.”

त्याच बायोडाट्यावर माझं लग्न जमलं. सासर पुंडलिकनगरचं. गावाकडं मोसंबीची बाग, शहरात दुमजली घर. दम लागतो म्हणून अण्णांनी त्याच्या वर्षभर आधीच क्रशर सोडला होता, त्यामुळं कुणी कामाच्या ठिकाणी येऊन बघण्याचा प्रश्नच नव्हता. पुढं दहा वर्षं ‘खडी पुरवठादार’ हाच त्यांचा व्यवसाय राहिला. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. ते चारचौघांत अण्णांची ओळख करून द्यायचे, “हे आमचे व्याही, खडीचे सप्लायर होते.” अण्णा नुसते हात जोडायचे.

हे सगळं मी दवाखान्याच्या गोष्टीच्या आधी सांगतेय, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणी आज एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवर आपल्या माणसाचा फॉर्म भरत उभं असेल, तर त्यांनी तरी हे वाचावं.

मागच्या हिवाळ्यात अण्णांच्या छातीत दाटल्यासारखं व्हायला लागलं. भाजी घेऊन चढावर आले की थांबायचे, छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “ग्यास झालाय.” महिनाभर ओवा, सोडा, गरम पाणी चाललं. एके दिवशी चालताना डावा हात जड झाला आणि घामानं अंग भिजलं. सचिननं, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, गाडी काढली. मामाजींची एका मोठ्या दवाखान्यात ओळख होती, म्हणून तेही सोबत आले.

अँजिओग्राफी झाली. मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, रंग सोडतात आणि पडद्यावर बघतात, रक्त कुठं अडतंय ते. डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बोलावलं. काळ्या फांद्यांसारख्या रेषा होत्या. त्यातली सगळ्यात मोठी फांदी मध्येच दोऱ्याएवढी झाली होती.

“ही मुख्य वाहिनी जवळजवळ बंद आहे,” ते म्हणाले. “शिवाय आणखी दोन ठिकाणी अडथळे. बायपास लागेल.”

बायपास म्हणजे मला माहीत होतं ते एवढंच, की छातीचं मधलं हाड उभं कापतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं झालं होतं. तीन महिने कूस बदलता येत नव्हती, खोकला आला की छातीला उशी दाबून धरायचे.

सर्जन म्हणाले, “यांचं हाड न कापता करता येईल. छोट्या छेदातून.” मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. डाव्या बाजूला, छातीच्या खाली, दोन बरगड्यांच्या मध्ये बोटभर छेद. तिथं रिट्रॅक्टर बसवतात, म्हणजे बरगड्या हळूच बाजूला आणि वर उचलून धरणारी चौकट. स्टॅबिलायझर नावाचं आणखी एक उपकरण असतं. लांब दांडीच्या टोकाला दोन छोटे पाय, पायांना शोषून धरणारे कप. हृदय चालूच राहतं, पण जिथं टाका घालायचा ती पेराएवढी जागा तेवढी ते स्थिर धरतं. पायातली शीर घ्यायची असेल तर तीही पूर्वीसारखा घोट्यापासून मांडीपर्यंत पाय चिरून काढत नाहीत. एका लहानशा छेदातून दुर्बीण आत घालतात आणि शीर सोडवून घेतात.

“चार-पाच दिवसांत घरी,” ते म्हणाले. “हाड जुळायची वाट बघायची नाही.”

मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर गर्वही वाटला. नवीन उपकरणांनी होणारी शस्त्रक्रिया माझ्या वडिलांची होणार, आणि डॉक्टर काय सांगतात ते समजून घेणारी मी होते. सचिन मला विचारत होता आणि मी त्याला समजावत होते.

दाखल करायचा फॉर्म मीच भरला. नाव, वय, पत्ता, आधीचे आजार. ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी पेन थांबलंसुद्धा नाही. मामाजी खांद्याजवळ उभे होते. मी लिहिलं, ‘खडी पुरवठादार (निवृत्त)’.

पुढचे दोन दिवस तपासण्यांचे होते. रक्त, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, पीएफटी. पीएफटी म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजणं. नळीत जोरात फुंकायचं. अण्णांना ते नीट जमेना. फुंकताना खोकला यायचा. तंत्रज्ञ म्हणाला, “बाबा, पूर्ण फुंका, फुंका, फुंका.” रिपोर्ट थोडा कमी आला. वयामुळं आणि नीट फुंकता न आल्यामुळं, असं शेरा लिहिणाऱ्यानं लिहिलं.

एक्स-रे बघून सर्जननी विचारलं, “वरच्या भागात बारीक ठिपके दिसतायत. टीबी झाला होता कधी?”

“नाही,” मी म्हणाले.

“धुळीत काम?”

मामाजी माझ्या आधी बोलले, “नाही हो. सप्लायर होते.” मी मान हलवली. एवढंच केलं, फक्त मान हलवली. सर्जन म्हणाले, “जुने डाग असतील,” आणि पुढच्या कागदाकडं वळले.

इथं माझ्या नोकरीचं सांगायला हवं. मी वाळूजला एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आमच्या कामाचा पहिला धडा असा, की जे लिहिलं नाही ते झालं नाही, आणि जे झालं नाही ते लिहायचं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या लॅबमधल्या एका पन्नाशीच्या तंत्रज्ञानं शीतकपाटाचं तापमान न बघताच नोंदवहीत भरलं होतं. ते मी पकडलं आणि वर कळवलं. त्यांची त्या विभागातून बदली झाली. जाताना ते म्हणाले होते, “मॅडम, एक आकडा तर होता.” त्या संध्याकाळी घरी जेवताना मी ही गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगितली होती. मामाजी म्हणाले होते, “सून असावी तर अशी.”

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. अण्णांच्या कॉटजवळ खुर्ची ओढून बसल्या. पलीकडच्या बाजूला मामाजी होते, सचिन पायापाशी.

“काका, उद्या काय करणार ते सांगते,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांना छोट्या जागेतून हृदयापर्यंत पोचायचंय. मध्ये डावं फुप्फुस येतं. म्हणून घशातून आम्ही एक खास नळी घालतो. तिच्या आत दोन वाटा असतात. डावीकडची वाट बंद करून ते फुप्फुस मिटवून ठेवतो. तेवढा वेळ तुमचा सगळा श्वास उजव्या एकट्या फुप्फुसावर. म्हणून मला ते फुप्फुस कसं आहे ते नीट माहीत पाहिजे. बिडी?”

“नाय.”

“चुलीचा धूर, कारखाना, धूळ? काम काय केलं आयुष्यभर?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. त्यात तक्रार नव्हती. शाळेत बाईंनी प्रश्न विचारल्यावर पोर शेजारच्या हुशार पोराकडं बघतं, तशी होती.

मी खाली बघितलं.

“सप्लायर व्हतो मॅडम,” अण्णा म्हणाले. “खडीचा.”

मॅडमनी फॉर्मवर खूण केली, अण्णांच्या खांद्यावर थोपटलं आणि गेल्या.

सिस्टरनं संमतीपत्र आणून दिलं. सोबत दाखल करतानाचा फॉर्म लावलेला होता. सही करायला पान उलटलं आणि माझंच अक्षर समोर आलं. सुवाच्य आणि सरळ. शाळेत ज्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं तेच. खाली छापलेलं होतं, ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.’ त्याखाली माझी सही.

मला त्या तंत्रज्ञाचं वाक्य आठवलं, एक आकडा तर होता. उद्या सकाळी या अक्षराच्या भरवशावर माझ्या वडिलांचं एक फुप्फुस बंद करणार होते. आणि उरलेल्या फुप्फुसात एकवीस वर्षांचा दगड होता, हे त्या इमारतीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मला आणि अण्णांना. माय घरी होती.

संमतीपत्रावर मी सही केली नाही. बाहेर आले तेव्हा मॅडम लिफ्टपाशी उभ्या होत्या. मामाजी चहाला म्हणून माझ्या मागोमाग निघाले होते. ते पुढं जाईपर्यंत थांबावं, असं एक क्षण मनात आलं. हेही लिहून ठेवते. त्या क्षणीसुद्धा आलं.

“मॅडम,” मी म्हणाले, “माझे वडील सप्लायर नव्हते. खडी क्रशरवर मजूर होते. एकवीस वर्षं. मी खोटं लिहिलं.”

लिफ्ट आली आणि रिकामीच गेली. मॅडमनी विचारलं, “पाण्याचा फवारा असायचा का तिथं?”

“नाही.”

“मास्क?”

“उपरणं.”

“दम कधीपासून लागतो?”

“अकरा वर्षं.”

त्यांनी हातातल्या कागदावर ते लिहून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही शिकलेल्या आहात ना? हे उद्या मला टेबलावर कळलं असतं.” आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मामाजी तिथंच उभे होते. मी त्यांच्याकडं वळले. ते म्हणाले, “तेव्हा हे सांगितलं असतं, तर मी सोयरिकीला हो म्हणलो नसतो.” मग चष्मा पुसला आणि जिन्यानं खाली गेले. त्यांचा मला राग आला नाही. ते खरं बोलले होते. दहा वर्षांत आमच्या दोघांतलं पहिलं खरं वाक्य त्यांच्याच तोंडून आलं.

अण्णांना मी सांगितलं तेव्हा ते उठून बसले. “कशाला सांगितलंस? तुझ्या सासऱ्याम्होरं?”

“अण्णा, तुम्ही का नाही बोललात? जिवाचा प्रश्न होता.”

“तूच लिव्हलं व्हतंस ना तसं,” ते म्हणाले. “मी म्हणलं, शिकलेली हाय, काय लिवायचं ते तिला ठावं आसंल.”

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले.

शस्त्रक्रिया पुढं ढकलली. छातीचा सीटी स्कॅन झाला, छातीचे डॉक्टर येऊन बघून गेले. त्यांनी नाव सांगितलं, सिलिकोसिस. दगडाची अगदी बारीक धूळ फुप्फुसात बसते, तिथं वण पडतात आणि ते वण जात नाहीत. हृदयाचं दुखणं वेगळं, हे वेगळं. दोन्ही एकाच छातीत होती, आणि त्यातलं एक मी झाकून ठेवलं होतं.

सगळे डॉक्टर एकत्र बसले. सर्जननी आम्हाला बोलावलं आणि दोन्ही बाजू सांगितल्या. हाड कापून केलं तर असल्या फुप्फुसांना नंतर खोकणं, कफ काढणं जड जाईल. छोट्या छेदातून केलं तर शस्त्रक्रिया चालू असताना एका फुप्फुसावर जास्त वेळ काढता येणार नाही. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. छोट्या छेदातून फक्त मुख्य वाहिनीचा बायपास, तोही छातीच्या आतलीच एक धमनी जोडून, म्हणजे वेळ कमी लागेल. बाकीच्या दोन ठिकाणी काही आठवड्यांनी स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. याला ते हायब्रिड म्हणतात, दोन पद्धतींची जोड. “मात्र आधी दहा दिवस फुप्फुसांची तयारी,” ते म्हणाले.

त्या दहा दिवसांत अण्णांना तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं. त्याला स्पायरोमीटर म्हणतात. नळीतून श्वास आत ओढायचा की गोळ्या वर जातात. पहिल्या दिवशी एकच गोळी हलली. अण्णा फिजिओथेरपीच्या मॅडमना म्हणाले, “क्रशरवर धोंडे ढकलले बाई, अन् ही गोळी उचलंना.” सहाव्या दिवशी दुसरी गोळी वर टेकली.

मामाजी चौथ्या दिवशी आले. तोवर सचिननं घरी काय सांगितलं, काय ऐकलं, मी विचारलं नव्हतं. तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता आणि ते माझ्या वाट्याचंच होतं. मामाजींनी मोसंब्यांची पिशवी कपाटावर ठेवली आणि कॉटजवळ खुर्ची ओढली. मग विचारलं, “व्याही, कोणत्या क्रशरवर होता?”

अण्णांनी सांगितलं. मालकाचं नाव, कुठला डोंगर, सगळं.

“आमच्या घराचा स्लॅब टाकला तेव्हा खडी तिथूनच आली होती.”

“ठावं हाय,” अण्णा म्हणाले. “येक गाडी मीच भरून दिलती. तुमच्या ठेकेदारानं बारीक मागितली, मी म्हणलं स्लॅबला जाड, इस एमेमची घे, नायतर गळंल. गळतो का वं?”

“नाही गळत,” मामाजी म्हणाले.

“मग झालं तर.”

दोघंही हसले. मी मोसंबी सोलत होते, सोलतच राहिले.

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली. वेटिंग रूममध्ये माय माझ्याशेजारी बसली होती. ती एकदाच बोलली, “बायोडाटा वाचला तवाच म्या बोलाया पायजे व्हतं.” मी म्हणाले, “माय, हे तू अंगावर घेऊ नको.” त्या खोलीत तिच्या वाट्याला काहीही यायला नको होतं.

दुपारी सर्जन बाहेर आले, टोपी हातात होती.

“झालं,” ते म्हणाले. “फुप्फुस वरच्या बाजूला छातीला चिकटलेलं होतं. माहीत होतं म्हणून शोधत, हळूहळू सोडवलं. ऑक्सिजन दोनदा खाली आला. दोन्ही वेळा थांबलो, फुप्फुस फुगवलं, पुन्हा सुरू केलं. भूलतज्ज्ञ मॅडम त्यासाठी तयारच होत्या.”

“माहीत नसतं तर?” मी विचारलं. मला ऐकायचं होतं.

“घाईत छाती उघडावी लागली असती,” ते म्हणाले. “आणि त्यातून निभावलं असतंच, असं मी सांगू शकत नाही.”

दुसऱ्या दिवशी अण्णांना खुर्चीत बसवलं, तिसऱ्या दिवशी ते कॉरिडॉरमध्ये चालले. सहाव्या दिवशी घरी आणलं. सव्वा महिन्यानं दोन स्टेंट बसले.

सर्जन, भूलतज्ज्ञ मॅडम, फिजिओच्या मॅडम, सगळ्या सिस्टर, या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण आभार मानताना माझी मान वर होत नाही, तेही सांगते. त्या लोकांनी नव्या उपकरणांनी जे साधलं, ते मी एका रकान्यात घालवत होते. उपकरण कितीही बारीक असू दे, ते आपण सांगितलेल्या माहितीवरच चालतं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं. तुमच्या माणसानं विहीर खोदली असेल, कापूस पिंजला असेल, भट्टीवर, गिरणीत, क्रशरवर काम केलं असेल, तर फॉर्मवर तेच लिहा. शेजारी कुणीही उभं असू दे. डॉक्टरांना माणसाचा मान नको असतो, त्याची छाती हवी असते. आणि मान त्या कामानं जातच नाही. तो मी घालवत होते.

आमच्या लॅबमधून बदली झालेल्या त्या तंत्रज्ञांना मी जाऊन भेटले. माझ्या रकान्याचं सगळं सांगितलं. माफी त्यांनी मागितली नाही आणि मीही नाही. चूक ती चूकच होती. पण त्यांनी चहा पाजला.

आता अण्णा आमच्या पुंडलिकनगरच्या घराचा जिना एका दमात चढतात. त्यांच्या डाव्या छातीखाली बोटभर वण आहे. दर तीन महिन्यांनी फुप्फुसांची तपासणी असते. त्या फाइलच्या पहिल्या पानावर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलंय, ‘खडी क्रशरवर मजूर, एकवीस वर्षं.’ अक्षर माझं आहे.